काचघरातील सापासाठी वनस्पतींची निवड

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पालनात ज्याला टेरेरियम म्हणतात ते काचघर म्हणजे माती, दगड, लाकूड आणि जमल्यास जिवंत वनस्पती यांची बंदिस्त मांडणी असून, पाळलेल्या सापाचे सारे आयुष्य त्या तीन-चार फुटांत जायचे असल्यामुळे तिथे लावलेले प्रत्येक झाड त्याच्या वाट्याला आलेल्या जगाचा मोठा भाग होऊन बसते. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, म्हणजे अशोका रोड आणि सेंट फिलोमिना चर्चच्या आसपासच्या दाट वस्तीत, अशी काचघरे लावून देण्याचे काम करताना प्रस्तुत लेखकाला साप पाळणाऱ्यांकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हे झाड विषारी तर नाही ना? प्रश्न मायेतून येतो, म्हणून तो आदराने ऐकलाच पाहिजे. परंतु निवडीची सुरुवात तिथून केली की पुढचा सगळा विचार भलत्या वाटेला लागतो. साप पाला खात नाही. तो झाडाआड लपतो, झाडावर चढतो, खरखरीत खोडाला तोंड घासून कात सोडवतो आणि पानावर साठलेले थेंब पितो. तेव्हा झाडाने सापासाठी कोणते काम करायचे आहे हे आधी ठरवावे आणि मग जात निवडावी, अशी या लेखाची भूमिका आहे.

झाडाआधी साप कोणता, हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर कायद्याने बरेचसे बांधलेले आहे. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, हरणटोळ, अजगर, नाग किंवा ज्याच्याभोवती गुप्तधनाच्या अंधश्रद्धेचा काळा बाजार उभा राहिला आहे तो मांडूळ, यांपैकी कोणताही भारतीय साप घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरात शिरलेला साप पकडून नेण्यासाठी म्हैसूरकर पिढ्यान्‌पिढ्या जाणकारांना बोलावतात आणि तो साप रानातच परत जायचा असतो. राहतात ते परदेशी साप. संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा १९७३ चा जो करार 'साइट्स' या नावाने ओळखला जातो, त्याच्या परिशिष्टांतील प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन आणि पूर्व आफ्रिकेतील केनियन सँड बोआ या करारात येतात, तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक येत नाही. ज्या सापाचे कागद नाहीत त्याच्यासाठी झाडे निवडून देणे हे त्या चोरट्या व्यापाराला हातभार लावणे आहे, म्हणून कामाचा आरंभ कुंडीपासून न होता कागदपत्रांपासून व्हावा, हे इथे आग्रहाने नोंदवले पाहिजे.

आता विषाच्या प्रश्नाकडे. मनीप्लँट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम या सगळ्या वेली अळूच्या कुळातल्या असून, कच्चे अळू खाल्ल्यावर ज्यामुळे घसा खवखवतो तेच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक त्यांच्या पानांत असतात. गाय, मांजर किंवा रांगते मूल यांच्या दृष्टीने ही झाडे वर्ज्य ठरवणे योग्यच आहे. केवळ मांसाहार करणाऱ्या आणि भक्ष्य न चावता गिळणाऱ्या सापाच्या बाबतीत मात्र ते स्फटिक पानातच राहतात. म्हणून मांजरांसाठी केलेल्या विषारी झाडांच्या याद्या सापाच्या काचघराला जशाच्या तशा लावल्या की मनीप्लँट आणि सान्सेव्हेरिया यांसारखी सर्वांत टिकाऊ झाडे नाहक बाद होतात. याचा अर्थ सगळेच चालते असा नाही. निवडुंगाचे काटे खवल्यांच्या फटीत रुततात. शेर, त्रिधारी आणि युफोर्बिया वर्गातील इतर झाडांचा पांढरा चीक डोळ्याला आणि तोंडातल्या ओल्या त्वचेला भाजतो, आणि साप दाबून जाताना फांदी मोडणार हे तर ठरलेलेच असते. कण्हेर व अडेनियम यांच्याबद्दलही हीच खबरदारी घ्यावी. येथे धोका खाण्यातून येत नाही, तो स्पर्शातून आणि जखमेतून येतो, हा भेद लक्षात घेतला की यादी आपोआप वेगळी होते.

प्रत्यक्ष अनुभव असा की काचघरात विष शिरते ते झाडाच्या जातीमुळे क्वचितच, कुंडीमुळे मात्र अनेकदा. रोपवाटिकेत वाढलेल्या झाडावर इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके वापरलेली असू शकतात; आंतरप्रवाही म्हणजे मुळांतून वा पानांतून शोषली जाऊन झाडाच्या सर्व पेशींत पसरणारी, त्यामुळे वरून पान धुतले तरी ती जात नाहीत. त्याखेरीज मातीत हळूहळू विरघळणाऱ्या खताचे रंगीत दाणे असतात, पानांना चकाकी आणणारे तेल असते आणि वाळवी वा मुंग्यांसाठी टाकलेली भुकटी असते. दसऱ्याच्या दिवसांत कुप्पण्णा पार्कमधील पुष्पप्रदर्शन पाहून हौसेने घेतलेले टवटवीत रोप त्याच संध्याकाळी काचघरात लावण्याचा मोह फार होतो आणि तो आवरलाच पाहिजे. रोप आणल्यावर त्याची मुळे वाहत्या पाण्यात धुऊन जुनी माती पूर्ण काढावी, खताचा एकही दाणा राहू देऊ नये, साध्या नारळाच्या भुश्यात ते पुन्हा लावावे आणि किमान सहा आठवडे सापापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावे. या काळात जी नवी पाने येतात त्यांच्यावरून झाडाची प्रकृती कळते, दडलेली कीड बाहेर पडते आणि औषधाचा अंशही उतरत जातो. घाई असेल तर कुंडीतल्या झाडापेक्षा ओळखीच्या घरातली, औषध न मारलेली मनीप्लँटची कांडी पाण्यात मुळे फुटवून लावणे कितीतरी अधिक भरवशाचे असते आणि तिला पैसेही पडत नाहीत.

कुंडीबरोबर काय काय येऊ शकते याचे सर्वांत विलक्षण उदाहरण स्वतः साप आहे. गांडुळाएवढा, चकचकीत काळपट असा जो साप मराठीत वाळा म्हणून ओळखला जातो, तो भारतीय उपखंडातल्या ओल्या मातीत सर्रास आढळतो. या जातीत सर्व माद्याच असतात, त्या नराशिवाय अंडी घालतात, म्हणून एकच मादी मातीच्या एका गोळ्यातून नव्या देशात पोहोचली तरी तिची वसाहत उभी राहते, आणि कुंड्यांच्या व्यापारातून या सापाने आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत असा प्रसार केला आहे की इंग्रजीत त्याला फुलकुंडीचा साप असेच नाव पडले. रोपाची माती धुताना वाळा सापडला तर त्याला गांडूळ समजून मारू नये. तो मुंग्यांची व वाळवीची अंडी खाणारा पूर्ण निरुपद्रवी जीव असून त्याला बागेतल्या ओलसर मातीत सोडून द्यावे. मुंग्यांचे मात्र तसे नाही. कुंडीतून आलेली मुंग्यांची वसाहत कात टाकण्याच्या बेतातील सुस्त सापाला रात्रभर चावत राहू शकते, म्हणून मूळ धुण्याची पायरी कोणत्याही सबबीवर गाळू नये.

यानंतर वजन. पूर्ण वाढलेला बॉल पायथन सव्वा ते दीड मीटर लांब आणि दीड-दोन किलो भरतो; तो सापांच्या मानाने आखूड पण जाड असतो, आणि त्याचा स्वभाव वाट काढत जाण्याचा नसून वाटेतले दाबून जाण्याचा असतो. त्याच्या घरात नाजूक नेचे किंवा पेपेरोमिया लावले तर काही रात्रींत तिथे चोथा उरतो. अशा सापासाठी सान्सेव्हेरियाइतके योग्य झाड प्रस्तुत लेखकाला आढळलेले नाही: त्याची पाने ताठ, चिवट आणि जमिनीलगतच्या जाड कंदातून उभी राहिलेली असतात, पान मोडले तरी कंदातून दुसरे फुटते, कमी उजेड व कमी पाणी त्याला पुरते, आणि योगायोगाने त्याचे मूळ स्थानही बॉल पायथनप्रमाणे पश्चिम आफ्रिकाच आहे. दोन गड्डे एका पोकळ ओंडक्याच्या तोंडाशी लावले की साप ओंडक्यातून बाहेर पडण्याआधी पानांच्या फटीतून अदमास घेताना दिसतो. उघड्यावर ठेवलेल्या त्याच सापाने अन्न नाकारणे आणि आडोसा मिळाल्यावर ते घेणे, हा या कामात वारंवार येणारा अनुभव आहे. झाडाचे काम म्हणजे काय, ते इथे नेमके दिसते.

कॉर्न स्नेक याच्या उलट प्रकृतीचा. तो सडपातळ, चपळ आणि चढण्याची हौस असलेला असून मनीप्लँटच्या चांगल्या जून वेलीवर तो सहज तोलला जातो, अर्थात वेलीला आधी आधार मिळालेला असला तर. केवळ वेल सापाचे वजन पेलू शकत नाही. काथ्या गुंडाळलेला दांडा किंवा आडवी-तिरपी घट्ट बसवलेली फांदी हा खरा सांगाडा, आणि वेलीची हवेत फुटणारी मुळे त्या सांगाड्याला धरून राहिली की तिच्या पानांचा पडदा तयार होतो. ॲस्पिडिस्ट्रा, स्पायडर प्लँट आणि भिंतीवर चढणारा छोटा फायकस ही झाडेही अशा सापाबरोबर नांदतात, फायकसची फांदी छाटल्यावर येणारा चीक मात्र वाळेपर्यंत सापाला बाहेर ठेवावे. म्हैसूरच्या विड्याच्या पानाचा लौकिक मोठा असल्यामुळे नागवेल लावून द्या, अशी मागणी इथे वरचेवर होते. नागवेलीला दमट सावली, सतत ओली पण निचरा होणारी माती आणि मोकळी हवा लागते, तिचे कोवळे खोड लगेच चेपते, आणि कॉर्न स्नेकला जेवढी कोरडी जमीन हवी तेवढ्यात ती पिवळी पडते. तेव्हा इथल्या मातीचा अभिमान कितीही असला तरी ती वेल परसात शोभते आणि काचघरात झुरते.

पाण्याचा विषय या सगळ्यांत गहन आहे आणि बहुतेक काचघरे तिथेच बिघडतात. जमीन सतत ओली राहिली की सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी डाग व फोड येतात, पालक ज्याला खवले कुजणे म्हणतात तो हा जंतुसंसर्ग. हवा फार कोरडी झाली तर कात अखंड न उतरता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण मागे राहते. म्हणजे सापाला हवेत ओलावा आणि पोटाखाली कोरडेपणा हवा असतो, झाडाला मात्र मुळाशी ओलावा आणि पानाभोवती खेळती हवा हवी असते. हे दोन्ही साधतात ते खोल मातीत: वरचा दोन इंच थर कोरडा, त्याखालची माती ओलसर, आणि तळाशी विटांचे तुकडे वा भाजलेल्या मातीच्या गोळ्या, ज्यांत जादा पाणी उतरेल. पाणी फवारून न देता कोपऱ्यातल्या नळीने थेट तळाशी सोडले की मुळे खाली वळतात आणि पृष्ठभाग सापासाठी सुका राहतो. बॉल पायथनसाठी हवेतील आर्द्रता ५५ ते ७५ टक्के आणि कॉर्न स्नेकसाठी ४० ते ६० टक्के धरावी, आणि ती अंदाजाने न ठरवता आर्द्रतामापकावर दोन्ही टोकांना पाहावी.

इथे काचघरांच्या इतिहासातील एक गैरसमज दूर करणे उपयुक्त ठरेल. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद बाटलीत ठेवलेल्या कोशाशेजारी नेचा आपोआप उगवलेला दिसला आणि त्यातून जी वॉर्डियन पेटी निघाली तिच्यातून पुढे चहाची रोपे चीनमधून भारतात आली, सिंकोनाची रोपे निलगिरीकडे पाठवली गेली. बंद पेटीत पाणी वाफ होऊन काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, म्हणून रोप महिनोन्‌महिने जगते. आज घरोघरी दिसणारी काचेची शोभेची बाग तिचीच वंशज आहे, आणि तिच्यासाठी लिहिलेला झाडांचा सल्ला साप पाळणारे विश्वासाने उचलतात. परंतु त्या पेटीची सारी करामत हवा कोंडण्यात आहे, आणि कोंडलेल्या दमट हवेत सापाला श्वसनाचा संसर्ग होतो. सापाच्या काचघराला दोन बाजूंनी जाळी लागतेच, त्यामुळे शेवाळ, नाजूक नेचे, फिटोनिया अशी बंद बाटलीत फोफावणारी झाडे इथे सुकतात, आणि ती वाचवण्यासाठी जाळी झाकणारा माणूस झाड राखतो पण साप गमावण्याची पाळी ओढवून घेतो.

म्हैसूरचे हवामान या हिशेबात बदल घडवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवरच्या, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या शहरात फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा चांगलीच कोरडी असते, मे महिन्यात वळवाच्या सरी येतात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोराचा पाऊस होतो. त्यामुळे मार्चमध्ये अचूक बसवलेले पाण्याचे प्रमाण ऑक्टोबरमध्ये तसेच चालू ठेवले तर मुळे कुजतात आणि मातीला आंबूस वास येऊ लागतो. जुन्या कौलारू घरातली खोली आणि नव्या इमारतीतील पश्चिमेकडे तोंड असलेली सिमेंटची खोली यांतही मोठे अंतर असते, दुसरीत एप्रिलच्या दुपारी काचघराचे थंड टोकही तापते आणि तेव्हा झाडांची पाने सापाआधी मान टाकून इशारा देतात. बोअरवेलचे जड पाणी फवारले तर पानांवर पांढरे डाग पडतात. साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम.

उजेड आणि उष्णता यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. झाडांना रोज दहा-बारा तास पांढरा एलईडी दिवा पुरतो आणि रात्री संपूर्ण अंधार सापाला आवश्यक असतो. उष्णता वरून द्यावी, कारण तळाखालची तापपट्टी खोल मातीमुळे सापापर्यंत पोहोचत नाही आणि मुळे मात्र भाजते. बॉल पायथनच्या उबदार टोकाला सुमारे ३२ अंश सेल्सियस तापमान लागते. तिथे झाड न लावता कडप्पा फरशीचा तुकडा ठेवावा, तो ऊब धरून ठेवतो आणि त्यावर भक्ष्य दिल्यास तोंडात भुसा जात नाही.

मातीत स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म कीटक आणि ओलसर दगडाखाली राहणाऱ्या आयसोपॉड या कवचधारी जीवांना सोडले की ते बुरशी, गळालेली पाने आणि कातीचे अवशेष खाऊन जमीन जिवंत ठेवतात. या पद्धतीचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण तिच्या नावावर साफसफाई सोडून देणे योग्य नाही: साप नायट्रोजन मुख्यतः यूरिक आम्लाच्या खडूसारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या रूपात बाहेर टाकतो, मोठ्या सापाचा असा गोळा झाडाच्या बुंध्याशी राहिला तर मूळ जळते, आणि तेवढा भार पेलण्याइतके जीव त्या मातीत नसतात. तो हातमोजे घालून उचलावा आणि हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतो. पानगळीसाठी देशी बदामाची किंवा फणसाची रस्त्यावरच्या धुरापासून दूर पडलेली सुकी पाने उकळून वाळवून वापरावीत. शेवाळ, ऑर्किड किंवा नेचे कोडगू-वायनाडच्या रानातून उचलून आणणे मात्र सर्वथा गैर आहे. ज्या म्हैसूरच्या उद्यानपरंपरेला बडोद्याहून १९०८ मध्ये आलेल्या क्रुम्बिगेल यांच्यासारख्या उद्यानतज्ज्ञाने आकार दिला, तिथे लागवडीत वाढवलेल्या रोपांची उणीव कधीच नसते.

सँड बोआसाठी झाड मागितले जाते तेव्हा नकार देणेच हिताचे ठरते. तो दिवसभर कोरड्या सैल वाळूत पुरून राहतो, केवळ डोळे वर ठेवून भक्ष्याची वाट पाहतो; त्याच्या घरात पाणी घालायची वेळ आली की त्याचे घरच बिघडते, आणि मुळे धरून ठेवणारी माती त्याला खणता येत नाही. पूर्व आफ्रिकेतलेच झीझी प्लँट कुंडीसह वाळूत पुरून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात, पण बोआ कुंडीच्या तळाशी बोगदा करतो आणि कुंडी कलून त्याच्यावर येऊ शकते.

झाडे लावल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी, मुळे धरल्याची खात्री झाल्यावर साप आत सोडावा, आणि त्यानंतरच्या रात्री पाहण्यात घालवाव्यात. साप बहुधा भिंतीला अंग लावून फिरतो, रोज जवळजवळ त्याच वाटेने जातो, आणि ती वाट मातीवर स्पष्ट उमटते. माणसाने कल्पनेत आखलेल्या वाटेशी ती क्वचितच जुळते. वाटेत येणारे झाड वाचवण्यासाठी दगडांचा बंधारा घालण्यापेक्षा झाड उपटून वाटेच्या कडेला लावावे, म्हणजे तेच झाड अडथळा न राहता आडोसा होते. आत तशी जागा उरली नसेल तर ते कुंडीसह काचेच्या बाहेरच्या अंगाला, सापाच्या विसाव्याच्या जागेला लागून ठेवावे. पाने काचेला टेकली की त्या बाजूने येणारी माणसांची हालचाल झाकली जाते आणि आतल्या सापाला आडोसा मिळतो.